धुडकूरावांचं गोल मेज

पाटी आधी आली. मॅनेजरी मागाहून यायची होती. सागाची, अर्धा बोट जाडीची, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांची पाटी: ‘डी. बी. पाटील, मॅनेजर’. धुडकू भिकन पाटील यांनी ती धुळ्याच्या पेंटरकडून स्वखर्चानं रंगवून आणली आणि घरच्या कपाटात धोतरांच्या घडीखाली ठेवली. दिवसातून चार वेळा ते कपाट उघडत आणि रुक्मिणीबाईंनी विचारलं की रुमाल शोधतो आहे म्हणून सांगत. रुमाल खांद्यावरच असे. रुक्मिणीबाईंनी संसारात आजवर पुष्कळ गोष्टी पाहून न पाहिल्यासारख्या केल्या होत्या, त्यात ही एक.

धुडकू हे नाव आईबापांनी मुद्दाम ठेवलेलं. आधीची दोन मुलं गेली, तेव्हा हे पोर असल्या नावाचं असलं म्हणजे यमसुद्धा धुडकावून लावील, असा त्यांचा हिशेब. यमानं तो मानला, पण जगानं मानला नाही. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, नंदुरबारच्या तापीतीर जिनिंग-प्रेसिंग कंपनीचे हेडक्लार्क असूनही, बाजारात कोणीही ‘ओ धुडकू!’ म्हणून हाक मारी. डी. बी. पाटलांना अशी हाक कोण मारणार होतं? म्हणून पाटी.

एकसष्ट सालची ही गोष्ट. कंपनीचे चेअरमन मगनभाई त्या पावसाळ्यात अहमदाबादला एका गिरणीचं ऑफिस पाहून आले आणि आल्यापासून त्यांना स्वतःच्या ऑफिसात बसवेना. तसं ते ऑफिस बसण्यासारखं नव्हतंच. जुन्या पेढीची लांबलचक अंधारी खोली, तिच्यात ठिकठिकाणी फळ्यांच्या आडभिंती, प्रत्येक आडभिंतीमागे एक कारकून, आणि मधोमध दरवाज्यासमोर गाद्या, लोड आणि उतरत्या डेस्काची जुनी बैठक. आवक आणि जावक यांच्यामध्ये बोटभर फळी होती. तरी आवकला जावककडून काही हवं असलं तर तो चिठ्ठी लिही, ती चिठ्ठी बाज्या शिपाई बाहेरून वळसा घालून नेई, आणि जावक तिच्यावर ‘पाहिले’ असा शेरा मारून ती परत धाडी. दोघंही एकमेकांचा खोकला ऐकत असत. पण खोकल्यावर शेरा मारता येत नाही.

“धुडकूभाऊ,” मगनभाई म्हणाले, “हे ऑफिस आहे की कबुतरखाना? अहमदाबादला मी काय पाहिलं सांगू? एकच मोठा हॉल. आडभिंत नाही, गादी नाही. मध्ये एक गोल मेज आणि भोवती सगळे खुर्च्यांवर. गोल असलं म्हणजे पहिला नाही, शेवटचा नाही. सगळ्यांनी एकत्र बसायचं, बोलायचं, काम करायचं. लाभपंचमीला वजनकाट्याचा मुहूर्त आहे. त्या दिवशी कापसाच्या गाड्या नव्या ऑफिसासमोर लागल्या पाहिजेत. लागल्या, तर त्या दिवसापासून तुम्ही मॅनेजर.”

धुडकूरावांच्या डोळ्यांसमोर कपाट उभं राहिलं. (तेव्हा पाटी अजून यायची होती, पण कपाट होतं.)

“आणि दोधूअण्णांना आता आराम करू द्या,” मगनभाई जाता जाता म्हणाले. “खुर्चीवर काही ते बसायचे नाहीत. तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतील.”

दोधूअण्णा म्हणजे कंपनीचे जुने मुनीम. चाळीस वर्षं दरवाज्यासमोरच्या मधल्या गादीवर बसलेला, पांढऱ्या पागोट्याचा, सडसडीत म्हातारा. धुडकूरावांना जमाखर्च, मोडी आणि माणसं, तिन्ही वाचायला त्यांनीच शिकवलेलं. शेतकरी गाडी सोडून आधी काट्याकडे जात नसे. तो अण्णांच्या गादीच्या काठावर टेकायचा, पाणी प्यायचा, कोणाची म्हैस व्याली, कोणाची पोर नांदायला गेली ते सांगायचा. अण्णा त्याच्या कापसाची चिमूट बोटांत चुरून ‘चांगला शे’ म्हणायचे, आणि मगच गाडी काट्यावर चढायची. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते काम आहे हे कोणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

धुडकूरावांनी सांगायचं वाक्य घरी तीनदा घोकलं. ऑफिसात ते नेहमीच पुस्तकी मराठी बोलत, डी. बी. पाटलांना अहिराणी शोभली नसती.

“अण्णा, कंपनीच्या नूतनीकरणाच्या अनुषंगाने आपणांस विश्रांती देण्याचे ठरले आहे.”

अण्णांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. “धुडकू, हाई भाषा तुन्ही शे का कंपनीनी?”

अण्णांनी बोरू पुसून खिशात ठेवला, गादीला हात लावून तो कपाळाला लावला आणि जोडे घालून चालू लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं. धुडकूरावांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण दुसऱ्याच दिवशी धुळ्याहून पाटी आली, आणि माणसाचं मन फार वेळ एका जागी बसत नाही.

मेजासाठी साग हवा होता. शेजारचे पेन्शनर पोस्टमास्तर म्हणाले, साग घ्यावा तर धडगावकडचा. खालचा साग म्हणजे नुसतं नाव. धुडकूरावांनी धडगावचा साग ठरवला, जंगलखात्याचा रीतसर पास काढला, आणि गाडीभाडं वाचावं म्हणून तिथेच फळ्या पाडून घेतल्या. घाट उतरल्यावर नाक्यावरच्या कारकुनानं पास वाचला, गाडी पाहिली आणि मान हलवली. पासावर ‘लाकूड’ होतं आणि गाडीत फळ्या होत्या.

“फळ्या लाकडाच्याच आहेत,” धुडकूराव म्हणाले.

“ते मला दिसतं. पासाला दिसत नाही.”

स्वतः हेडक्लार्क असल्यामुळे धुडकूरावांना या उत्तराचं मनातून कौतुकच वाटलं. त्यांनी जागीच अर्ज लिहिला. अर्जाला पंचवीस दिवस लागले. तेवढ्यात दसरा झाला, कापूस वेचणीला आला, आणि पोस्टमास्तरांनी आपलं मत बदलून खालचा सागही वाईट नसतो असं सांगून टाकलं.

फळ्या आल्या, वाहरू मिस्त्री आला. वाहरूचा हात असा की त्यानं केलेल्या पाटावर बसलेल्या नवऱ्या मुलीला पाटाचा अभिमान वाटावा. त्यानं एकच अट घातली: खिळा वापरणार नाही. खुंट्या आणि सरस, बस. कंपाउंडातल्या मोठ्या निंबाखाली त्यानं काम मांडलं आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी मेज उभं केलं. दहा फूट व्यासाचं एकसंध गोल मेज, आरशासारखं घोटलेलं. सगळं ऑफिस ते बघायला लोटलं. धुडकूरावांनी त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, आणि ती पुरी होता होता त्यांचं लक्ष ऑफिसच्या दरवाज्याकडे गेलं.

दरवाजा साडेसहा फूट उंच आणि चार फूट रुंद होता.

मेज आडवं धरून पाहिलं, उभं धरून पाहिलं, तिरकं धरून पाहिलं. बाज्यानं दोरी आणली, हमाल आले. एकानं छप्पर काढायची सूचना केली. गोल वस्तूचा एक दोष असा की ती कशीही फिरवली तरी तेवढीच राहते.

“वाहरू, हे आत कसं जायचं?”

“ते तुमी बोलनाच नहीत, साहेब,” वाहरू म्हणाला. “मेज करो, एवढंच सांगं तुमी. मी मेज करं.”

“मग सोड ते. आत नेऊन पुन्हा जोड.”

“खुंट्या नि सरस शे. करवतवरच सुटी.” करवत हा शब्द त्यानं असा उच्चारला की धुडकूरावांनी तो विषय सोडला. दरवाजा रुंद करायच्या परवानगीचा अर्ज त्यांनी त्याच दुपारी दिला. पण ज्या साहेबांची सही लागणार ते दिवाळीला गावी गेले होते आणि तुळशीचं लग्न लावूनच परतणार होते.

मेज निंबाखालीच राहिलं. निदान आत तरी सगळं नवं करावं म्हणून धुडकूरावांनी आडभिंती काढल्या. आवक आणि जावक बावीस वर्षांनी एकमेकांना पूर्ण दिसले, दोघंही लाजले. मग भिंतीवरचा लक्ष्मीचा फोटो उतरवून चुना दिला. आणि आता पाटी कुठे लावायची हे पाहायला धुडकूराव हॉलभर फिरले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पाटी लावायला मॅनेजरची खोली लागते, आणि खोलीला आडभिंत लागते. त्या सगळ्या आडभिंती त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली काढल्या होत्या. ओल्या चुन्यावर खिळा बसेना. पाटी काखोटीला मारून ते बराच वेळ उभे राहिले.

राहिल्या गाद्या. त्या भंगारात घालायच्या तर आधी झाडून द्याव्यात असं ठरलं, आणि झाडायला घेतल्या तेव्हा त्यांत ढेकणांची अख्खी वसाहत निघाली. ऊन हा ढेकणांवरचा नामी उपाय. लाभपंचमीच्या आदल्या दिवशी, चतुर्थीला, धुडकूरावांनी सगळ्या गाद्या ओट्यावर, रस्त्याच्या बाजूला, पालथ्या घालून टाकल्या.

त्याच सकाळी रुक्मिणीबाई म्हणाल्या होत्या, “लक्ष्मीना फोटो हालाडा शे तुम्ही. आते नवी जागामा दिवा लावा. दिनभर चालू ऱ्हावाले पाहिजे.” धुडकूरावांना ते पटलं. आतला चुना ओला, म्हणून त्यांनी घरची समई आणून दरवाज्याच्या उंबऱ्यावर ठेवली आणि भर दुपारी बारा वाजता तूप घालून लावली.

बाज्या शिपाई पंधरा वर्षांत आपणहून फारसं काही बोललेला नव्हता. तो समईकडे बघत म्हणाला, “साहेब, दिवसा दिवा?”

“मंगल कार्याला वेळकाळ नसते,” धुडकूराव म्हणाले.

रस्त्यावरून दिवसभर बाजारच्या गाड्या जात होत्या. गाडीवान ओट्याकडे बघत, समईकडे बघत आणि बैल हळू करत. आपल्या नव्या ऑफिसची चर्चा गावोगाव पोचणार, या विचारानं धुडकूरावांनी दोघातिघांना हात जोडून नमस्कारही केला. त्या गाडीवानांनी खाली मान घातली.

लाभपंचमी उजाडली. काट्याला हार घातला, समईत पुन्हा तूप घातलं, दरवाज्याला आंब्याचं तोरण बांधलं. मुहूर्त साडेअकराचा. एरवी पहाटेपासून कंपाउंडात गाड्यांची दाटी व्हायची. आज आठ वाजले, नऊ वाजले. एक चाक वाजलं नाही. साडेनऊला रनाळ्याचा रूपचंद आला. दरसालचा पहिला मुहूर्ताचा कापूस त्याचा असे. गाडी नव्हती. तो चालत आला होता. त्यानं पागोटं काढून हातात घेतलं आणि ओट्यावर धुडकूरावांच्या शेजारी खाली बसला.

“कसं व्हयनं, भाऊ?” तो हलकेच म्हणाला.

“काय कसं झालं?”

“आते लपाडीसन काय उपेग? देवनी मर्जी. तुम्ही तब्येतले जपा.”

दुखवट्याला आल्यासारखा रूपचंद त्यांची पाठ थोपटू लागला. धुडकूरावांनी रिकाम्या कंपाउंडाकडे पाहिलं. “रूपचंद, गाड्या कुठे आहेत?”

“गावना नाक्यावर, विहीरजोडे उभ्या शेत. चाळीस गाड्या. कोनी म्हणस दोंडाईचाले जाऊत, कोनी म्हणस घर जाऊत. कंपनीनं दिवायं निंघनं ना? काल सर्वास्नी देखं. गादी उलटी पडेल, भर दुपारे उंबरावर तूपना दिवा. नि दोधूअण्णाले तुम्ही पहिलेच घर धाडी दिनं. आते आखो काय देखानं ऱ्हायनं?”

धुडकूराव उठले आणि ओट्यावरच्या पालथ्या गाद्यांकडे बघत राहिले. व्यापारी बुडाला की तो आपली गादी उलटी करून भर दिवसा दारात तुपाचा दिवा लावतो. मग देणेकरी-घेणेकरी कोणी काही न बोलता समजून घेतात. दिवा आणि दिवाळं. ही रीत त्यांना ठाऊक होती. सोळाव्या वर्षी याच ओट्यावर बसून दोधूअण्णांनीच ती सांगितली होती, आणि धुडकूराव तेव्हा हसले होते. कालच्या दिवसात त्यांनी आपल्या हातानं ती सगळी रीत यथासांग पार पाडली होती, अगदी जाणाऱ्या-येणाऱ्याला हात जोडण्यासकट.

“रूपचंद, हे खोटं आहे! ढेकूण झाले होते, ढेकूण!”

रूपचंदानं समजूतदारपणे मान हलवली. बुडालेला माणूस काहीही बोलतो.

नाक्यावर जाऊन चाळीस गाडीवानांना ढेकणांची गोष्ट सांगायची? ऐकेल कोण? आता एकाच माणसाचं ऐकणार होते. धुडकूरावांनी जोडे घातले की नाही हे त्यांना पुढे कधी आठवलं नाही. पाटी मात्र मुहूर्तासाठी आणलेली काखेत होती, ती तशीच राहिली.

दोधूअण्णा आपल्या घराच्या ओसरीवर मांडी घालून बसले होते. पुढ्यात काही नव्हतं. चाळीस लाभपंचम्या ज्यानं मुहूर्ताची पहिली रेघ ओढली, तो माणूस आज सकाळपासून कोरा बसून होता. धुडकूरावांनी ते पाहिलं आणि वाटेत जुळवलेलं सगळं पुस्तकी मराठी त्यांच्या तोंडातून गळून पडलं.

“अण्णा,” ते म्हणाले, “मी चुकनू.”

अण्णांनी त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, “गादी कोनी उलटी करी?”

“मीच करी, अण्णा. ढेकूण व्हतात.”

“नि दिवा?”

“तो बी मीच लावा.”

“आरे येडा,” अण्णा म्हणाले, “चाळीस वरीस मी त्या ढेकूणस्ले रक्त पाजं. तुले चार दिन दम नही निंघना?” आणि त्यांचं अंग हसण्यानं हलू लागलं. धुडकूराव हसायला गेले आणि त्यांना रडू आलं. ते ओसरीच्या पायरीवर बसले आणि रुमालानं तोंड झाकून रडले.

“ऊठ,” अण्णा पागोटं बांधत म्हणाले. “मुहूर्त कितीले शे? पन मी खुर्चीवर बठाव नही, सांगी ठेवस. पाय लटकतस, नि अक्षर बी लटकस.”

“नका बठू. गादीवर बठा, अण्णा.”

पण आत चुना ओला होता आणि ओट्यावर गाडीवानांना गादी उलटी दिसलेली. त्याच ओट्यावर ती सुलटी केली तरी लांबून काय कळणार? अण्णांनी कंपाउंडात चौफेर नजर फिरवली आणि ती निंबाखाली थांबली.

“हाऊ नवा पार कोनी बांधा?”

“पार नही, अण्णा. मेज शे.”

“बठता ई का त्यावर?”

वाहरू मिस्त्री तिथेच होता. तो छाती काढून म्हणाला, “हत्ती बठाडा.”

मधली गादी सुलटी करून मेजावर अंथरली. लोड ठेवला, उतरतं डेस्क ठेवलं. अण्णांना चढायला नवी खुर्ची पुढे केली. तिच्यावर पाय देऊन ते वर गेले. अहमदाबादी धर्तीच्या खुर्चीचा कंपनीला झालेला हा पहिला उपयोग. बाज्यानं कोणी न सांगता समई विझवली. रूपचंद तोवर नाक्याकडे पळत सुटला होता.

कंपाउंडाची भिंत कमरेएवढी. मेजावर बसलेलं पांढरं पागोटं नाक्यावरच्या विहिरीपासून दिसलं. पहिली गाडी जुंपली गेली, मग दुसरी, मग रस्ता घुंगरांनी भरला. शेतकरी गाड्या सोडून निंबाखाली आले, जोडे काढून मेजावर चढले आणि गादीच्या कडेनं मांडी घालून बसले. जागा दहा फुटांची होती. मग आवक चढला, जावक चढला. कोणाची म्हैस व्याली ते अण्णांनी विचारलं. त्याच वेळी आवकनं जावकला काहीतरी तोंडी विचारलं, आणि जावकनं तोंडीच उत्तर दिलं.

सव्वाअकराला मगनभाईंची मोटार आली. ते उतरले, आणि मेजाकडे बघत उभे राहिले. आडभिंत नव्हती. पहिला नव्हता, शेवटचा नव्हता. सगळे एकत्र बसले होते, बोलत होते आणि काम करत होते. फक्त भोवती नव्हे, वर.

“अहमदाबादला मेजावर बसत नाहीत,” ते अखेर म्हणाले.

“मगनभाई, आठे जागा शे, या,” रूपचंद सरकून म्हणाला. मगनभाईंनी इकडेतिकडे पाहिलं, बूट काढले आणि खुर्चीवर पाय देऊन वर चढले.

अण्णांनी नवी वही उघडली, बोरू शाईत बुडवला आणि ‘श्री’ काढायला हात टेकला. मगनभाईंच्या वजनानं मेज एका अंगाला कललं, बोरू थांबला.

“हालस हाई,” अण्णा म्हणाले. वर्षाची पहिली ‘श्री’ वाकडी गेलेली कोणालाच चालणार नव्हती. सगळे हात आखडून बसले.

धुडकूराव खाली वाकले. निंबाच्या मुळामुळे एक पाय जमिनीपासून अर्धा बोट अधांतरी होता. त्यांनी आजूबाजूला कपची शोधली, वीट शोधली. मुहूर्ताला दोन मिनिटं होती. मग त्यांना काखेतल्या पाटीची आठवण झाली. त्यांनी ती एकदा वाचली. अक्षरं खरंच फार सुबक होती. त्यांनी ती पालथी केली आणि मेजाच्या पायाखाली सरकवली. ती मापात बसली.

“आते, अण्णा?”

अण्णांनी हात टेकून पाहिला. “आते नही हालस. ये धुडकू, वर ये. मनाजोडे बठ.”

धुडकूराव वर चढले आणि त्यांच्या शेजारी बसले. बोरू कागदावर फिरला, आणि ‘श्री’ सरळ उमटली.

हंगाम चांगला गेला. दरवाजा रुंद करायची परवानगी माघात आली, पण मेज आत न्यायचं कोणी नाव काढलं नाही. एकदा मोटारीत बसता बसता मगनभाईंना आठवण झाली.

“धुडकूभाऊ, तुम्ही मॅनेजर झालात, त्याची पाटी करून घेतली होती म्हणे. लावली की नाही कुठे?”

“लावली ना,” धुडकूराव म्हणाले. “कामाला लावली.”